मगदूम बाईंची कॉपी

"पाठ झालं का?" कालिंदीनं विचारलं.

"पेरू, कंदील, शाल, नदी, पिवळा," मी एका दमात म्हणाले.

"आता उलटं."

"पिवळा, नदी, शाल, कंदील, पेरू."

"घड्याळ?"

"दहा वाजून दहा मिनिटं. छोटा काटा दहावर, मोठा दोनवर."

कालिंदीनं नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा वर ढकलला, हातातल्या कागदावरचा एकेक शब्द बोटानं तपासला आणि मान डोलावली. "पैकीच्या पैकी. मला मिळाले, तसेच तुलाही मिळणार."

नऊ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मिरजेतल्या माझ्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही दोघी बसलो होतो. मी सदुसष्ट वर्षांची आणि ती माझ्याहून एका वर्षानं मोठी. चार दिवसांनी एका दवाखान्यात माझ्या स्मरणशक्तीची परीक्षा होती, तिची ही तयारी चालली होती. स्मरणशक्तीच्या परीक्षेसाठी उत्तरं पाठ करण्यात काही चूक आहे, असं आम्हा दोघींपैकी एकीलाही वाटलं नाही.

मी कोण, ते इथं सांगायलाच हवं, नाहीतर यातली लाज नीट कळायची नाही. मी त्रिशला मगदूम. एकतीस वर्षं हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवलं. त्यातली चौदा वर्षं दहावीच्या परीक्षेला भरारी पथकात होते. पथकाची जीप फाटकात शिरली की "मगदूम बाई आल्या" अशी कुजबूज वर्गावर्गातून धावायची आणि शौचालयांच्या खिडक्यांतून चिठ्ठ्यांचा पाऊस पडायचा. मी मोज्यातून चिठ्ठ्या काढल्या आहेत, कंपासपेटीच्या तळातून काढल्या आहेत, आणि एकदा तर डब्यातल्या भाकरीच्या पापुद्र्यातून पायथागोरसचं प्रमेय काढलं आहे. रडणाऱ्या पोरांना मी एकच वाक्य ऐकवायची, "कॉपी करणारा दुसऱ्याला नाही, स्वतःला फसवतो." हे वाक्य मला इतकं आवडायचं, की निरोपसमारंभाच्या भाषणातही मी ते दोनदा म्हटलं.

तर अशी ही बाई चार दिवस पेरू-कंदील घोकत होती.

झालं होतं असं, की त्या उन्हाळ्यात मी गॅसवर दूध ठेवून योगासनांच्या वर्गाला निघून गेले. परत आले तर गल्ली गोळा झालेली, भिंतीला बाहेरून शिडी लावलेली आणि शेजारचे तांबोळी खिडकीतून आत अर्धे अडकलेले. दूध जळालं, पातेलं जळालं, तेवढंच. पण तांबोळींच्या सुनेनं पुण्याला माझ्या मुलाला फोन केला. अजित दुसऱ्या दिवशी हजर.

"आई, एक तर डोकं तपासून घे, नाहीतर सामान बांध," तो म्हणाला. "तू एकटी इथं राहणार आणि मी तिथं जीव टांगणीला लावून बसणार, हे चालायचं नाही."

मिस्टर गेल्यापासून मी एकटीच राहत होते आणि माझं छान चाललं होतं. पुण्याला त्याच्या अकराव्या मजल्यावर जाऊन मी करणार काय? शिवाय कालिंदी. कालिंदी शेवडे आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं लग्न केलं नाही. बेळगावात एक भाची, बाकी कुणी नाही. ती माझ्यापासून तीन घरं सोडून राहायची. सकाळी फिरणं, दुपारी चहा, संध्याकाळी पुन्हा फिरणं, असा आमचा दिवस एकाच दोरीवर वाळत घातलेला असायचा. मी गेले असते तर ती दोरी तिनं एकटीनं कुठं बांधायची?

मनातून मात्र मी घाबरले होते. नावं आठवत नव्हती, चष्मा सापडत नव्हता. एकदा ओट्याशी उभी राहून, आपण इथं का आलो, याचा मी पाच मिनिटं विचार केला होता. हे मी कालिंदीला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "एवढंच ना? त्या दवाखान्यात साठीच्या पुढच्यांची तपासणी चालू आहे. आठवत नाही म्हणणाऱ्यांना बोलावतात, आणि पुढं पाच वर्षांत कुणाचं डोकं चालेल, कुणाचं नाही, याचा अंदाज बांधतात. आधी मी जाऊन येते. कसं असतं ते बघते."

"तू कशाला? तुला काय झालंय?"

"सोबत म्हणून," ती म्हणाली.

ती गेली आणि दुपारी चेहरा फुलवून परत आली. तीसपैकी तीस! आणि आल्या आल्या माझ्याच वहीच्या पानावर, तिच्या त्या सुंदर वळणदार अक्षरात, तिनं प्रश्नपत्रिका फोडली. पाच शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं विचारतात. घड्याळ काढायला लावतात. शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. वजाबाकीची मला भीती नव्हती. शब्द आणि घड्याळ तेवढं मी घोकलं.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसून गेले. डॉक्टर नाझनीन बागवान नावाची पस्तिशीतली, शांत आवाजाची मुलगी होती. "मॅडम, घाबरू नका, ही काही परीक्षा नाही," ती म्हणाली. असंच मीही पोरांना सांगायची, त्यामुळे मी लगेच घाबरले.

वार, तारीख, महिना झाला. मग ती म्हणाली, "आता मी पाच शब्द सांगते. लक्षात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. हंडा, जांभूळ, रस्ता, रेशीम, निळा."

हंडा? हा कुठला हंडा? पेपर बदलला होता! मी ते शब्द तिच्यामागून म्हटले खरे, पण डोक्यात पेरू आणि जांभूळ यांची मारामारी सुरू झाली.

"घड्याळ काढा. त्यात पावणेचार वाजलेले दाखवा."

मी सुरेख गोल काढला, आकडे मांडले आणि काटे लावले. लावून झाल्यावर पाहिलं तर दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. हात आपल्याच नादात चालला होता. खोडायला गेले तर ती म्हणाली, "राहू द्या."

शंभरातून सात वजा करत मी थेट दोनपर्यंत आले. ती "पुरे" म्हणाली तरी थांबले नाही. तेवढाच एक प्रश्न आपला होता, म्हणून.

"आता मघाचे पाच शब्द सांगा."

मी तोंड उघडलं आणि आतून तोफेसारखं आलं, "पेरू, कंदील, शाल, नदी, पिवळा!"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग उचललं. काहीतरी लिहिलं, बरंच लिहिलं. उलटं वाचायची मला जुनी सवय आहे, पण चष्मा घरी राहिला होता.

"मॅडम," ती हळुवारपणे म्हणाली, "तुमच्यासोबत कोण आलंय? मुलाचा नंबर देता का?"

तो हळुवारपणा ऐकून अकरावा मजला डोळ्यांसमोर आला. आता दोनच रस्ते होते, वेडी ठरायचं की चोर. मी चोर पत्करला.

"डॉक्टर, मी कॉपी केली," मी म्हणाले.

"काय केलं?"

"पेपर आधी मिळवला होता. पाठ केला होता. पण तुमचे शब्द बदलले."

मग ओठ दाबून हसू आवरायचा तिनं प्रयत्न केला, तो काही जमला नाही. "कुणाकडून मिळवला?"

"नाव सांगणार नाही," मी ताठ बसून म्हणाले. चौदा वर्षं पोरांकडून मी साथीदाराचं नाव दरडावून काढून घ्यायची. न सांगणाऱ्या पोरांबद्दल मला त्या दिवशी प्रथमच आदर वाटला.

"नका सांगू. पण मॅडम, आमच्याकडे शब्दांच्या दोनच याद्या आहेत. पेरू-कंदील त्या दोन्हींत नाही. आणि घड्याळात आम्ही सगळ्यांना पावणेचारच वाजवायला लावतो." तिचं हसू मावळलं होतं. "ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं, ते इथं येऊन गेले आहेत का?"

एखाद्या शहाण्या बाईला इथंच कळलं असतं. मला कळलं ते भलतंच. मला एकदम १९९४ सालचा मार्च महिना आठवला. त्या वर्षी भरारी पथकात असताना मी कालिंदीच्या भाचीला, नलूला, भूगोलाच्या पेपरात पकडलं होतं. कालिंदी स्टाफरूममध्ये हात जोडून म्हणाली होती, "त्रिशला, पोरीचं वर्ष जाईल." मी म्हणाले होते, "नियम तो नियम." आठ महिने ती माझ्याशी बोलली नव्हती. मग एके दिवशी आपणहून चहा घेऊन आली आणि विषय मिटला, असं मला वाटत होतं. म्हणजे इतकी वर्षं मनात धरून आज हिनं डाव साधला!

पंधरा दिवसांनी दुसऱ्या यादीवर माझी फेरपरीक्षा घ्यायचं ठरलं. मी तिथून निघाले ती रिक्षानं सरळ कालिंदीच्या दारात. ती जेवणघरात मटार सोलत बसली होती.

"ये गं. किती मिळाले?" ती हसून म्हणाली.

"किती मिळाले ते तुला ठाऊक आहे," मी उभ्यानंच सुरू केलं. "नलूचा राग होता तर तोंडावर सांगायचं होतंस. असा गळा कापायचा होता काय?"

"नलूचं काय झालं?" ती घाबरून उठली. "नलू बरी आहे ना?"

"नलू ठणठणीत आहे! शब्द कुठून आणलेस ते सांग. ते पाच शब्द!"

"दवाखान्यातले?" तिनं हात पुसले आणि शांतपणे बोटांवर मोजायला लागली. "सोपे तर आहेत. चमचा, पोपट, तुळस, बैल, पांढरा."



"मागं तर तू पेरू आणि कंदील म्हणालीस," मी म्हणाले.

"मी? पेरू?" ती हसली. "स्वप्नात ऐकलंस की काय?"

मी पर्समधून तो कागद काढून तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावला. वाचायला पाच शब्दच होते, पण ती बराच वेळ वाचत राहिली. आधी हसतच वाचत होती. मग हसणं थांबलं. एका शब्दाच्या वेलांटीवरून तिनं बोट फिरवलं.

"अक्षर माझंच आहे," ती म्हणाली.

कुकरची शिट्टी झाली. तिनं जाऊन गॅस बंद केला. मग आतल्या खोलीत गेली आणि रंगपेट्यांच्या कप्प्यातून दवाखान्याची चिठ्ठी घेऊन आली. वर आकडा होता, सतरा. खाली लिहिलं होतं, पुढील भेटीस घरच्या व्यक्तीला सोबत आणावे.

"तू तीस म्हणालीस," मी म्हणाले.

"मग काय सांगणार होते? सतरा? तुला? तू मला वर्गाबाहेर उभी केली असतीस."

"कालिंदी—"

"घरचं माणूस आणा म्हणतात. घरात मी आणि फ्रिज. फ्रिजला घेऊन जाऊ?" ती पुन्हा मटारांजवळ बसली. "आणि तुझा जीव एवढ्याशा दुधावरून घाबरा झालेला. म्हटलं, निदान तू तरी पास हो. मला वाटलं होतं, तेवढं तरी माझ्या नीट लक्षात आहे."

मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखत असल्यामुळे मी दोन वर्षांत जमिनीवर बसले नव्हते. पातेलं ओढून घेतलं आणि दोघींनी उरलेले मटार सोलले. माफी मागायचं मला सुचलं नाही. "मी येते तुझ्याबरोबर," एवढंच म्हणाले.

पंधरा दिवसांनी आम्ही दोघी गेलो. आधी माझी फेरपरीक्षा झाली, पाठांतर न करता. तीसपैकी अठ्ठावीस.

डॉक्टर नाझनीननं मला समजावून सांगितलं, "मॅडम, 'मला आठवत नाही' असं जे स्वतःहून, तारखेनिशी, तपशिलानं सांगत येतात, त्यांच्यापैकी पुष्कळांना पुढं काही होत नाही. काहींना होतं, म्हणून आम्ही लक्ष ठेवतो. पण जिथं माणूस स्वतः 'मला काही नाही' म्हणतो आणि जवळच्यांना फरक दिसत असतो, तिथं आम्हाला जास्त काळजी वाटते. म्हणून घरच्या माणसाचा कागद आम्हाला महत्त्वाचा. तपासणीचे आकडे असतात, स्कॅन असतो, पण वर्षानुवर्षं सोबत असलेलं माणूस जे बघतं, ते आम्हाला अर्ध्या तासात दिसत नाही."

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. दोघींच्याही बाबतीत तिचा अंदाज खरा ठरला. मी आज शहात्तर वर्षांची आहे. चष्मा अजून सापडत नाही आणि दूध अजून उतू जातं. दर वर्षी जाऊन तीसपैकी सत्तावीस-अठ्ठावीस घेऊन येते. एका वर्षी सव्वीस मिळाले, तेव्हा मी फेरतपासणीचा अर्ज मागितला होता. कालिंदी तिसऱ्या वर्षी माझ्याकडेच राहायला आली. अजित आधी चिडला, मग स्वतः येऊन न्हाणीघरात धरायच्या दांड्या बसवून गेला. नलू दर महिन्याला बेळगावहून यायची आणि चार दिवस राहून मला झोप घेऊ द्यायची. तिनं भूगोलाच्या पेपराचा विषय एकदाही काढला नाही. तिचं हे न बोलणं मला शिक्षेसारखं वाटायचं. शेवटच्या दीड वर्षात कालिंदीचे शब्द संपले, पण हातात खडू दिला की फरशीवर रेघा मारत बसायची. चार वर्षं माझ्याकडे राहून ती गेली.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशीच्या कागदाचं.

डॉक्टरीणबाई कालिंदीला तपासायला आत घेऊन गेल्या आणि माझ्या हातात घरच्या माणसानं भरायचा तो कागद देऊन गेल्या. सोळा प्रश्न होते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात का? ओळखीचे रस्ते चुकतात का? वस्तू भलत्या ठिकाणी ठेवतात का? पुढे 'हो' आणि 'नाही'. 'हो' असल्यास, केव्हापासून.

मी पेन काढलं आणि सोळाच्या सोळा ठिकाणी 'नाही' लिहिलं. ज्या बाईनं नियम तो नियम म्हणून एका पोरीचं वर्ष घालवलं, ती बाई बाकावर बसून कागदभर खोटं लिहीत होती आणि वर त्यावर वळणदार सही ठोकत होती. मला वाटलं, मी मैत्री निभावतेय.

कालिंदी बाहेर आली. दमलेली दिसत होती. माझ्याशेजारी बसली आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"सोळाच्या सोळा 'नाही'," वाचून ती म्हणाली.

"मग? आहेच तसं."

"त्रिशला, मागच्या महिन्यात मी भाजी मंडईतून घरी कशी आले?"

मी पेनाला टोपण लावलं.

"तू आलीस ना न्यायला? मला आठवत नाही, पण दुसरं कोण येणार? आणि मी कुठली गोष्ट सांगायला लागले की तू शेवटचं वाक्य आधीच म्हणून टाकतेस. का? मी ती आधी सांगितलेली असते म्हणूनच ना?"

"माझी खोडच आहे ती."

"खोटं बोलू नकोस. तुला येत नाही." तिनं कागद माझ्या मांडीवर परत ठेवला. "मला आतून काही कळत नाही गं. मला तर पाचही शब्द बरोबर आल्यासारखे वाटतात, प्रत्येक वेळी. मी कुठवर गेलेय, ते तुलाच ठाऊक. तूही लपवलंस तर मला कोण सांगणार?"

समोरच्या भिंतीवर पंखा घरघरत होता. दोन वर्षं मी तिला हळूच नावं पुरवत आले होते, तारखा पुरवत आले होते, दुकानदारासमोर तिचं वाक्य पुरं करत आले होते. चिठ्ठ्याच त्या. आणि मला वाटत होतं, मला काही दिसलेलंच नाही.

मी आत जाऊन दुसरा कोरा कागद मागून आणला.

पहिला प्रश्न होता, जवळच्या व्यक्तींविषयीच्या महत्त्वाच्या गोष्टी विसरतात का? मी लिहिलं, हो. केव्हापासून? तारीख आठवत असल्यास लिहावी.

तारीख मला आठवत होती. दोन वर्षांपूर्वीची नागपंचमी, तिच्या आदल्या दिवशीची सकाळ. आम्ही दोघी पिठाच्या गिरणीत रांगेत उभ्या होतो. गिरणीच्या आवाजात ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली होती, "भूपालरावांचा गुडघा कसा आहे गं आता?"

माझ्या नवऱ्याला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या तिरडीला फुलं आणायला कालिंदीच गेली होती.

"बरा आहे," मी म्हणाले होते.

"रोज कोमट तेल चोळायला सांग."

"सांगते," मी म्हणाले होते आणि डबा उचलून रांगेत एक पाऊल पुढं सरकले होते.